चौकोनी कीड

आता काय सांगू तुम्हाला! माणसाच्या हातून आळसानं चूक झाली तर लोक समजून घेतात. माझ्या हातून झाली ती मेहनतीनं. तीन दिवस राबून, सतरा बायका कामाला लावून आणि दोन पातेली खळ शिजवून मी ती चूक केली. एवढ्या निगुतीची चूक अख्ख्या दौंडात कुणी केली नसेल.

घाई नाही ना तुम्हाला? नाही, माझं बोलणं मालगाडीसारखं. हळू चालतं, पण डबा एकही मागं राहत नाही.

बहात्तरचा दुष्काळ होऊन दोनतीन वर्षं झाली होती. मी दौंडला ग्राहक भांडाराच्या मोठ्या गोदामावर होतो. भांडार म्हणजे एखादं दुकान नव्हे बरं का. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत मिळून वीसेक दुकानं, आणि त्यात सुईपासून इंजिनाच्या पट्ट्यापर्यंत सगळं. सगळ्या दुकानांचा माल आमच्याच गोदामातून जायचा. गोदामावर माडी, आणि माडीवर ऑफिस.

पण गोंधळ कसा व्हायचा बघा. कवठे येमाईच्या दुकानात साबणाचा डोंगर, आणि इकडं दौंडात लोक राखेनं हात धुतायत. दुकानदार चिठ्ठी पाठवणार, चिठ्ठी एसटीनं आठ दिवसांनी येणार, तोवर तिथला साबण उंदरांनी खाल्लेला. कुठल्या दुकानात काय आहे हे एकट्या देवाला ठाऊक, आणि देव काही चिठ्ठी पाठवत नाही.

मग आमच्या मॅनेजर साहेबांनी पुण्याचं यंत्र धरलं. साहेब माणूस सज्जन, पण यंत्र म्हटलं की भक्तीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्हाला सगळ्यांना गोळा करून त्यांनी समजावलं. दुकानाचं एक कार्ड, दुकानातल्या प्रत्येक मालाचं एक कार्ड, दुकानदाराचं कार्ड, नोकराचं कार्ड. सगळी माहिती एका जागी. कार्डं पुण्याला न्यायची, यंत्र ती वाचणार आणि छापून देणार की कुठं काय आहे, काय संपलंय, काय पाठवायचं.

मी आपलं विचारलं, "साहेब, आन् यंत्र चुकलं तर?"

"यंत्र चुकत नाही, गेनबा. माणूस चुकतो."

हे वाक्य तेवढं गाठीला बांधून ठेवा. पुढं लागणार आहे.

माझी नात आता त्याला डेटाबेस म्हणते. आम्ही 'पेट्या' म्हणायचो, कारण ती कार्डं पत्र्याच्या चार पेट्यांत असायची. तीन मोठ्या, एक धाकटी.

आता माझं सांगतो. शाळा मी बाहेरून बघितली आहे. इमारत चांगली होती. पण किडीच्या बाबतीत मला कुणी हात धरू शकत नव्हतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की आत ऊब लागते का, त्यावरून सांगायचो की टोके झालेत. गहू, डाळ, घोंगडी, चपला, गोदामात आलेली वस्तू आधी उघडायची, बघायची, ऊन द्यायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा, मगच थप्पीला लावायची. अकरा वर्षांत माझ्या गोदामात एक टोका सापडला नव्हता! लोकांकडं जमीन असते, मोटारसायकल असते. माझ्याकडं हे होतं.

त्या वर्षी भाद्रपदात माडीचं छप्पर गळायला लागलं. साहेबांनी पेट्या माझ्याकडं खाली उतरवल्या आणि बजावलं, "गेनबा, मी तीन दिवस पुण्याला चाललोय. शालूबाई भावाच्या मुलाच्या बारशाला गेल्यात. सोमवारी जीप येईल, पेट्या घेऊन जाईल. ह्यांना ओल लागता कामा नये. ह्यातल्या एका कार्डाला जरी काही झालं, तर तू घरी. कायमचा."

"काळजीच करू नका साहेब. माझ्याकडं आलेल्या मालाला काय होत न्हाई."

ह्या शालूबाई म्हणजे माडीवर कार्डांचं काम करणाऱ्या. रेल्वे कॉलनीतली मुलगी, वडील लायनीवर गँगमन. पुण्याला परीक्षा देऊन ही नोकरी मिळवलेली. साहेब 'शालूबाई' म्हणायचे, मी 'शालूताई', आणि ती मला 'मामा'. दिवसभर माझ्या डोक्यावर तिची खटखट चालायची. मला वाटायचं, टाईप करत असेल.

आता आलेला माल उघडून बघायचा, हा माझा रिवाज. ओल लागू नये असं साहेबच म्हणाले होते. शुक्रवारी ऊन पडलं. मी अंगणात ताडपत्री अंथरली, पहिली पेटी उघडली, एक कार्ड उचललं आणि उन्हाकडं धरलं.

ते उलटंपालटं करून बघितलं.

कार्डाला भोकं! एक नाही, दोन नाही, वीसपंचवीस भोकं. दुसरं उचललं, भोकं. तिसरं, भोकं. चारी पेट्या पालथ्या घातल्या. हजारांच्या वर कार्डं, आणि एकसुद्धा धड नाही! अकरा वर्षांची अब्रू, आणि एका पावसाळ्यात चाळणी!

बायकोला हाक मारली. सरू आली, तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"अवं, पण ही भोकं चौकोनी हायती."

"ते दिसतंय मला."

"टोका गोल खातो."

"ते पन ठाऊक हाय मला. पेट्या पुण्यास्नं आल्यात. कीड पुण्याची आसंल."

सरूनं भोकांच्या ओळीवरून बोट फिरवलं. "व्हय," म्हणाली, "तिकडची शिकलेली आसती. वळीनं खाल्लंय बघा."

आता हसू नका. तुम्ही माझ्या जागी असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं? यंत्रासाठीच्या कार्डाला कुणी मुद्दाम भोकं पाडेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि कीड असली की खाली भुसा पडतो. मी भुसा शोधायला निघालो, तर जिन्याखाली आख्खं पोतं सापडलं! झाडूवालीनं माडी झाडून भरून ठेवलेलं. आत हात घातला, तर काय? तांदळाच्या दाण्याएवढे, लांबुळके, चौकोनी, कागदाचे तुकडे. पोतंभर!

मी एक तुकडा उचलला आणि कार्डाच्या भोकात बसवला.

फिट्ट!

"सरे," मी म्हणालो, "ही कीड खात न्हाई. नुसती कुरतडून टाकती. आपला माल सगळा हितंच हाय."

देवाला हात जोडले मी. माल गेला असता तर इलाज नव्हता. पण माल जागेवर आहे, नुसता सुटा झालाय, तर तो परत बसवायचा. त्यात काय अवघड? वेळ लागेल. वेळ माझ्याकडं होता, सोमवारपर्यंत.

सरूनं कणकेची खळ शिजवली. आमच्याकडं सुपाला, पाटीला भोक पडलं की कागदाचा लगदा लावून बुजवतात आणि त्यात मेथी कुटून घालतात, परत कीड लागू नये म्हणून. तिनं तशीच मेथी घातली. मी पहिलं कार्ड घेतलं. काडीच्या टोकावर खळ, खळीवर तुकडा, तुकडा भोकात, वरून अंगठा. एका कार्डाला सुमारे अर्धा तास. तिसऱ्या कार्डाला सरू म्हणाली, "ह्या चालीनं दिवाळीपत्तुर व्हईल."

आणि तिनं आळीतल्या बायका बोलावल्या.

उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमतात, तशा सतरा जणी जमल्या. पोळा उरकला होता, हात रिकामे होते. ताडपत्रीवर गोल करून बसल्या. खळीचं पातेलं मधे. जात्यावरच्या ओव्या सुरू झाल्या. कुणी चहा टाकला. रखमाक्का म्हणून एक म्हातारी होती, तिला नीट दिसत नव्हतं. ती आपली भोक नसेल तिथंही एखादा तुकडा चिकटवून द्यायची. मी म्हटलं, "आक्का, तिथं भोक न्हाई." ती म्हणाली, "र्‍हाऊ दे. फुडं पडलं तर?"

शुक्रवार, शनिवार, रविवार! मोठ्या पेट्यांपैकी दोन पुऱ्या झाल्या, तिसरी निम्मी. धाकटी पेटी मात्र मी कुणाच्या हाती दिली नाही. त्यात कार्डं थोडी होती, आणि कसली देखणी! म्हटलं, ही मी स्वतः करणार. एकेक भोक असं बुजवलं की बोट फिरवलं तरी लागू नये. सगळं वाळवलं, थप्प्या लावल्या, वर लिंबाचा पाला घातला. सोमवारी जीप आली, पेट्या गेल्या, आणि मी त्या दिवशी दुपारचा दोन भाकरी जास्त जेवलो.

गुरुवारी पुण्याहून याद्या आल्या. लांबच लांब कागद, धोतरासारखा. साहेब तो दोन्ही हातांवर धरून खाली आले आणि ट्रक भरायला सांगितले.

मला पहिल्या ट्रकलाच चुकल्यासारखं वाटलं. दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या दुकानाला बैलांची बाशिंगं, गोंडे आणि शिंगांना लावायचा हिंगूळ. ट्रकभर! आणि कवठे येमाईला रेल्वेच्या बाबू लोकांचे काळे टाय. सात पोती.

"साहेब," मी म्हणालो, "कवठ्यात टाय कोन घालनार?"

"यंत्रानं सांगितलंय ना? त्याला काही तरी दिसलं असेल."

ट्रक गेले. यंत्रानं धाडलेला माल दुकानानं घेतलाच पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. कवठ्याच्या दुकानदारानं आठ दिवस वाट बघितली आणि मग एका बैलजोडीमागं दोन टाय, असं करून वाटून टाकले. मी स्वतः बघितलंय, कवठ्याचे बैल गळ्यात टाय घालून नांगराला जाताना! कचेरीला निघाल्यासारखे. आणि दौंडात एका ड्रायव्हरनं हौसेनं इंजिनाला गोंडे आणि बाशिंग बांधलं. पोळा होऊन गेला होता, पण इंजिनाचा राहिला होता, तो तेव्हा झाला.

लोक हसत होते. साहेब म्हणत होते, "सुरुवातीला असं होतंच."

मग एक दिवस रांजणगावचे नाना आले. नाना म्हणजे आमच्या रांजणगावच्या दुकानाचे दुकानदार. धिप्पाड माणूस. एसटीतून उतरले ते तरातरा चालत. साहेब तेव्हा खाली गोदामातच उभे होते.

"साहेब, दोन खेपा झाल्या. माझा ट्रक कुठं हाय?"

साहेबांनी धोतर उलगडलं. यादीवर बोट फिरवत गेले. "रांजणगाव... रांजणगाव... नाही."

"ट्रक न्हाई?"

"दुकान नाही."

"दुकान न्हाई म्हंजी? सकाळी कुलूप लावून आलोय की मी त्याला!"

"यादीत नाही, नाना."

"आन् मी?"

साहेबांनी दुसरा कागद बघितला. "तुम्ही पण नाही."

"आवं, मी ह्यो तुमच्याम्होरं उभा हाय! चिमटा काढून बघा!"

"ओरडू नका नाना. यंत्र चुकत नाही."

नाना माझ्याकडं वळले. "गेनबा, तू सांग. मी हाय का न्हाई?"

"हाय की," मी हळूच म्हणालो.

"बघा! ह्याला एक अक्षर वाचता येत न्हाई, तरी ह्याला मी दिसतो! आन् तुमचं पुण्याचं यंत्र एवढं शिकलेलं, आन् त्याला अख्खं रांजणगाव दिसंना?"

साहेबांनी मनात हिशेब मांडला. नाना आहेत हे तर दिसत होतं. यंत्र चुकत नाही. म्हणजे माणूस चुकला. कुठला माणूस? कार्डं जिनं केली ती. साहेबांनी शालूताईला खाली बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शालूबाई, तुम्ही कार्डं चुकीची केलीत. सोमवारपासून येऊ नका."

ती पोर जिन्याच्या पायरीशी तशीच उभी राहिली. मी तिच्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, किडीतून मी कार्डं वाचवली, आता हिला कोण वाचवणार?

हसताय ना? हसा. मी तेव्हा खरंच असं म्हणत होतो.

त्याच दुपारी पेट्या पुण्याहून परत आल्या. सोबत चिठ्ठी. शालूताईनं ती गोदामात उभी राहून वाचली. "यंत्र अडकले. कार्डे चिकटतात. कार्डांना मेथीचा वास येतो."

तिनं पेटी उघडली. एक कार्ड काढलं, उन्हाकडं धरलं, नखानं जरासं खरवडलं. एक तुकडा खाली पडला. त्यामागून मेथीचा कण.

"मामा," ती म्हणाली, "ह्यात मेथी कशी?"

"कीड लागू न्हाई म्हणून!" मी खुशीत म्हणालो. "तुम्ही न्हवता ताई. पुण्याची चौकोनी कीड लागली होती. समदी भोकं बुजवली आम्ही. सतरा बायका बसल्या होत्या."

ती खाली पोत्यावर बसली. हसतेय का रडतेय कळेना. मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, ती भोकं म्हणजेच लिहिणं. यंत्राला अक्षर वाचता येत नाही, ते भोकं वाचतं. एक भोक म्हणजे साबण, एक भोक म्हणजे कवठं. थोडी बुजली, थोडे तुकडे गळाले की कवठ्याचा माल दौंडला. सगळी बुजली की यंत्राला काहीच दिसत नाही. नानांचं दुकान तसंच गेलं."

"मग ती भोकं कुणी पाडली?"

"मी. वर खटखट ऐकता ना तुम्ही? तुमची ती चौकोनी कीड माडीवर बसते मामा. आणि तिला सोमवारपासून घरी बसायला सांगितलंय."

मी पेटीचं झाकण लावलं. म्हटलं, "साहेबांला सांगून टाका ना मग."

ती म्हणाली, "सांगितलं तर तुम्हाला काढतील. ते बोललेत ना, एका कार्डाला काही झालं तरी?"

एका कार्डाला! मी हजाराला केलं होतं.

अकरा वर्षांत मी त्या माडीवर कधी चढलो नव्हतो. जिना मोठा नव्हता, पण मला तो त्या दिवशी गडासारखा वाटला. शालूताई मागून येत होती, "मामा, थांबा, मामा," म्हणत. मी साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो, टोपी काढली आणि भोकापासून मेथीपर्यंत सगळं सांगितलं. नाना तिथंच चहा पीत होते. त्यांना ठसका लागला.

साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सतरा बायका?"

"अठरा. आमची घरची धरून."

"गेनबा, मी काय बोललो होतो, आठवतंय?"

"आठवतंय साहेब. काढा मला. पन ताईचा काय दोष न्हाई."

"काढलं," साहेब म्हणाले. कागद ओढला, पेन उघडलं. "तुझा नंबर काय?"

आता नोकराचा नंबर त्या यादीत असायचा. साहेबांनी धोतर उलगडलं. बोट वरून खाली गेलं. खालून वर आलं. परत वरून खाली गेलं. चेहरा उतरला.

"गेनबा... तू नाहीस."

नानांनी कप खाली ठेवला. "आरं वा! ये, बस माझ्याशेजारी."

शालूताईनं धाकटी पेटी उघडली. नोकरांची कार्डं त्यातच होती. माझं कार्ड वरच होतं, माथ्यावर नाव छापलेलं. तिनं ते खिडकीकडं धरलं. उजेडाचा एक कण आरपार येईना.

"हे कुणी बुजवलं?" साहेबांनी विचारलं.

"मीच साहेब," मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा मला थोडा अभिमान वाटला. "धाकटी पेटी समदी माझ्या हातची हाय."

साहेब पेन घेऊन तसेच बसले. शालूताईनं पदर तोंडाला लावला होता. मग अगदी शांतपणे म्हणाली, "साहेब, यादीत नसलेल्या माणसाला काढता येणार नाही. आधी मामांचं कार्ड करावं लागेल, मग काढता येईल. आणि कार्ड करायला मी लागेन."

नाना म्हणाले, "आन् आधी माझं करा. मी लायनीत म्होरं हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

झालं! शालूताई राहिली. तिनं कार्डं पहिल्यापासून केली, खटखट, खटखट. रांजणगाव परत आलं, नाना परत आले, कवठ्याला गोंडे आणि दौंडला टाय गेले. जे बैलांनी वापरले नव्हते ते. दुसऱ्या वर्षी सगळं सुरळीत चालू लागलं, आणि साहेबांचं यंत्र खरंच चुकेना. फक्त माझं कार्ड तेवढं राहिलं. मी विचारलं की ती म्हणायची, "मामा, आज काम फार आहे हो." पुढं तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, साहेब बदलले. मी गोदामावर आणखी कितीतरी वर्षं काढली, पण मी तिथं आहे हे काही त्या यंत्राला शेवटपर्यंत कळलं नाही.

माडीवर चढलो त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, सरूला सगळं सांगितलं. भोकं म्हणजे लिहिणं होतं, यंत्राच्या हिशेबी आपण जगात नाही, असं सगळं. म्हटलं, ही आता घाबरेल.

तिनं भाकरी उलटली आणि तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमी असून नसल्यासारखं हाय, हे मला लग्नापासनं ठाऊक हाय. त्याला पुन्याचं यंत्र कशाला लागतंय?"